दादाचे सोळा तास

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर, थेट विमान मिळालं तर सोळा तास. हे मला तोंडपाठ आहे, कारण माझा मोठा भाऊ बारा वर्षं तेच ऐकवत आला. "आई, फक्त सोळा तास! गणपतीत विरारहून कणकवलीला पोचायला तुम्हाला याहून जास्त लागतात." आई हे आमच्या फुलपाड्यातल्या बिल्डिंगच्या जिन्यावर भेटेल त्याला कौतुकाने सांगायची. शेजारीण एकदा म्हणाली, "मग येत का नाही हो तो?" आई तिच्याशी आठवडाभर बोलली नाही.

शेवटचे तीन आठवडे आई अंथरुणावरच होती. हागणं-मुतणं सगळं मी आणि बायकोने काढलं. आईचं एकच पालुपद, "दादा निघाला का रे?" मी रोज फोन करायचो. हा म्हणायचा, "सिरियस झाली की सांग, सोळा तासांत हजर." अरे, सिरियस म्हणजे अजून काय व्हायचं राहिलं होतं? ती गेली तेव्हा म्हणतो कसा, "आता येऊन काय करू? तसंही आईचं धाकट्यानेच करायचं असतं ना?" इतकी वर्षं तिकडे राहून ह्याला रीत आठवली ती नेमकी तेवढीच. शी!

दहाव्याला मी डोकं भादरून तळ्यावर पिंड ठेवला. कावळे समोर झाडावर बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. मी हात जोडले. म्हटलं, आई, तुझ्या नातीचं शिक्षण पूर्ण करीन, गावचं घर पडू देणार नाही. काही नाही. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी मामा म्हणाला, "तिचा जीव थोरल्यात अडकलाय. लाव त्याला फोन."

व्हिडिओवर दादा आला. हाफ पँट, सोफा, हातात वाटी, तोंडात घास. मामाने फोन पिंडासमोर धरला. दादाने घास गिळला आणि म्हणाला, "आई, डिसेंबरमध्ये येतो गं. नक्की."

आणि खोटं कशाला बोलू, कावळा झपकन खाली आला आणि शिवला.

सगळ्यांनी हात जोडले. मामी डोळे पुसत म्हणाली, "बघा, आईची माया!" मला दादाची किळस आलीच, पण देवाशपथ सांगतो, त्या क्षणी आईचीही आली. गू काढणाऱ्याच्या शब्दाला किंमत नाही, आणि ह्या थापाड्याचं हिला मेल्यावरही पटतं!

"शिवला का?" दादाने विचारलं.

"शिवला रे बाबा," मामा म्हणाला.

"चला, सुटली बिचारी. मग आता डिसेंबरचं बघू, कसं जमतंय ते."