भिकुबाईच्या पिवळ्यात केशरी

“अक्का, बियाणात भेसळ शे!”

“झुलाल, जीभ आवर. एकेक फूल पारखून माह्या हातानं बी काढलंय.”

“मग हे काय शे?” साक्रीहून आलेल्या झुलालनं पंचा ओट्यावर झटकला. झेंडूची फुलं सांडली. काही भरदार पिवळी, पण निम्मी एकेरी, केशरी. “दसराले देवीना माळा बठ्ठ्या, एकूणएक पिवळ्या लागतस. गाव हसनं मले!”

नशिराबादच्या भिकुबाईचं पिवळं बी तीस वर्षं कुणी पारखून घेतलं नव्हतं. नवरा गेला त्या साली तिनं बांधावर पहिली ओळ लावली. सगळ्यात टपोऱ्या फुलाला दोरा बांधायचा, ते देठावरच वाळू द्यायचं, त्याचंच बी धरायचं. फूल पिवळं, तर बी पिवळंच. याबद्दल तिला कधी शंका आली नाही.

“माह्या ओळीतही चार केशरी निघाली औंदा,” ती हळूच म्हणाली. “वाटलं, पाखरानं बी टाकलं. उपटली.”

“पाखरू कशाले? ते पाहा.”

बांधापलीकडे सून बेबाबाईचा एकेरी केशरी झेंडू फुलला होता. दोन वर्षांपूर्वी रावेरहून, माहेराहून आणलेला. एक मधमाशी त्यातून उठली, पाय फुलातल्या परागानं माखलेले, आणि सरळ भिकुबाईच्या पिवळ्यावर बसली. मग दुसरी.

भिकुबाई बघत राहिली. “म्हणजे फूल पिवळंच राहतं... आणि पोटातलं बी त्या केशरीचं?”

“दोघांचं, आत्या,” पाणी घेऊन आलेली बेबाबाई म्हणाली. “पोर एकट्या आईवरच जातं का?”

झुलाल हसला. भिकुबाई हसली नाही.

“मग सोपं शे,” झुलाल म्हणाला. “ते केशरी उपटा. तुमचं नाव तुमले राही, मनी माळ मले राही.”

बेबाबाईच्या हातातला तांब्या थांबला. या घरात आल्यावर पहिलं वर्षभर ती कुणाशी धड बोलली नव्हती. बोलली ती त्या झेंडूला पाणी घालताना, तेही सासूशीच.

“उपटाल ना अक्का? पुढला साल मले चोख बी भेटी ना?”

भिकुबाई उठली. कोपऱ्यातलं विकायच्या बियांचं मडकं कमरेवर घेतलं. सुनेच्या अंगावरून, बांधाकडे न वळता, ती सरळ उकिरड्याच्या वाटेनं निघून गेली.