बरगडीचं नाक

फरंगीस गालिचे रफू करायची. तेहरानच्या बाजारात उस्ताद यदुल्लांच्या कारखान्यात खिडकीपाशी तिची जागा होती. तिने सांधलेलं छिद्र कुठे होतं, हे तो गालिचा विणणाऱ्यालासुद्धा सापडत नसे. एवढं कसब हातात, पण तिला स्वतःला धड श्वास घेता येत नव्हता.

चोविसाव्या वर्षी मोहल्ल्यातल्या इतर मुलींसारखं तिनेही शस्त्रक्रियेने नवं नाक करून घेतलं होतं. घराण्याचं उंच, बाकदार नाक गेलं आणि इवलंसं, वर उचललेलं आलं. त्या आनंदात तिने जुने फोटो एकूण एक फाडले. भावाच्या लग्नाच्या फोटोतून तर स्वतःचं डोकं कात्रीने गोल कापून काढलं. पुढे दहा वर्षांत आतला आधार खचला. मधला भाग खोगिरासारखा बसला आणि श्वास ओढला की नाकपुड्या मिटू लागल्या. गालिच्यावर वाकायचं ते तोंड उघडं ठेवून, तोंडात लोकरीची धूळ. दुपारपर्यंत खोकून खोकून सुई हातात ठरेना. "हे काम तुला झेपायचं नाही आता," उस्ताद एकदाच म्हणाले, तेही दुसरीकडे बघत.

बिघडलेली नाकं दुरुस्त करणाऱ्या डॉक्टर रस्तगारांनी आधीचा फोटो मागितला.

"एकही नाही," फरंगीस म्हणाली.

"सगळ्याजणी हेच सांगतात. घरात तसं नाक आहे कुणाचं?"

म्हणून दुसऱ्या खेपेला तिची आत्या, तूबा, सोबत आली.

"हिने दहा वर्षं माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढला नाही," आत्या खुर्चीत बसत म्हणाली. "आता नमुना म्हणून मीच लागतेय."

"हलू नका, आत्याबाई," डॉक्टर तिच्या नाकाला मोजपट्टी लावत म्हणाले.

"मी कुठे हलतेय? तुमची पट्टीच हलतेय."

मापं झाली. पहिल्या डॉक्टरने नाकातलं मऊ हाड जवळजवळ सगळं काढून टाकलं होतं, म्हणून नवा आधार बरगडीच्या मऊ हाडातून कोरायचा होता.

"ते कोरलं की आपल्या मनाने वाकतं," डॉक्टर म्हणाले. "म्हणून मिठाच्या पाण्यात टाकायचं आणि नुसतं बघत बसायचं. वाकायचं तेवढं वाकू दे. मग पुन्हा कोरायचं."

फरंगीस त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. नव्याने रंगवलेली लोकर तीही आधी भिजवून वाळवायची, आकसायची तेवढी आकसू द्यायची, आणि मगच सुईत ओवायची. नाहीतर वर्षभरात रफू चुण्या धरतं. हा माणूस तेच करत होता, जिवंत माणसाच्या हाडावर.

"घाई होत नाही तुम्हाला?" तिने विचारलं.

"घाई आधीच करून ठेवलीय कुणीतरी."

तिने संमतीच्या कागदावर सही केली.

शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी नाकातल्या पट्ट्या निघाल्या. हवा दोन्ही बाजूंनी एकदम आत गेली, गार, थेट डोळ्यांच्या मागपर्यंत. आपल्या आत एवढी जागा आहे, हे ती विसरूनच गेली होती. छातीत जिथून तुकडा काढला होता तिथे श्वासागणिक दुखत होतं, तरी ती पुन्हा पुन्हा खोल श्वास घेत राहिली.

डॉक्टरांनी आरसा पुढे केला. तिने बोट वर करून थांबवलं. मग आत्याच वाकून बघू लागली.

"सुजलंय अजून. माझ्याइतकं तर नाहीच जमलं, पण शोभतंय," ती म्हणाली. "अगं, बोल की काहीतरी."

फरंगीसने ओठ मिटूनच आणखी एक श्वास नाकाने आत ओढला. बोलायचं तर तोंड उघडावं लागलं असतं.