नेम कमरेखाली

टीव्हीवर कुठं दंगल दिसली की मेडशीच्या एसटी स्टँडवरच्या हॉटेलात जो तो सेनापती होतो. "मिलिट्री लावा रे! अर्ध्या घंट्यात सरळ होतात साले!" कपातला चहा संपायचा असतो, पण दंगल मोडून झालेली असते. तेवढ्यात कोपऱ्यातले देवमन इंगोले चहा तसाच टाकून उठतात. फौजेत अठरा वर्षं काढलेला माणूस, चार शब्द सांगायचे सोडून पळतो कशाला, असं लोक म्हणतात. म्हणू द्या. लोकांना काय माहीत!

फौज मनाला येईल तेव्हा गावात शिरत नाही. पोलिसांचं काही चालेनासं झालं, तर मॅजिस्ट्रेट तिला बोलावतो. आधी तिथल्या बोलीतला फलक दाखवायचा, भोंग्यावरून बजावायचं, रस्त्यावर चुन्याची रेघ मारायची. तरी जमाव हटेना, तर मॅजिस्ट्रेटची कागदावर सही. मगच गोळी. तीही मोजकी, आणि नेम कमरेखाली. माणसं पांगली पाहिजेत, मेली नाही पाहिजेत.

पंचवीस वर्षांपूर्वी दूरच्या एका शहरात हे सगळं रीतसर झालं. सही झाली. साहेबानं देवमनचं नाव घेऊन हुकूम दिला, एक गोळी. दगड घेऊन रेघ ओलांडणाऱ्या एकाच्या गुडघ्यावर देवमननं नेम धरला. तो उडी मारून बाजूला झाला. त्याच्या मागं दुधाची पिशवी घेऊन घरी निघालेला एक माणूस भेदरून, कानांवर हात ठेवून मटकन खाली बसला होता. उभ्याचा गुडघा जिथं, तिथंच बसलेल्याची छाती. गेला बिचारा, जागच्या जागी.

चौकशी एका दुपारात आटोपली. "तो एकदम बसला, मला दिसला नाही," असं देवमननं लिहून दिलं. कुणाचा दोष नाही, असा शेरा पडला. त्यानंतर कुणीही, अगदी कुणीही, त्यांना एक अक्षर विचारलं नाही. आणि हीच गोष्ट त्यांना आतून पोखरत राहिली. मरायच्या आधी कुणीतरी समोर उभं करून विचारावं, एवढंच त्यांना हवं होतं.

परवा ते जुने कागद घेऊन वाशिमला गेले. गावचीच पोरगी साधना तिथं वकिली करते.

"पोरी, माह्यावर केस टाक."

साधनानं सगळं वाचलं. "काका, केस बनतच नाही. हुकूम होता, सही होती, तुमी तो पाळला. कायद्यात हा गुन्हाच नाही. आन् खटला भराचा म्हटला तरी सरकारची मंजुरी लागते."

"म्हणजे मले कोनी विचारनारच नाही?"

"नाही काका. बिनघोर ऱ्हा." पोरीला वाटलं, आपण चांगली बातमी दिली.

घरी भागिरथाबाई सुपात तूर पाखडत होत्या. नवऱ्याचं तोंड बघूनच त्यांनी ओळखलं.

"काय म्हणे साधना?"

"मले कोनी विचारू शकत नाही म्हणे."

भागिरथाबाईंचा जीव तुटला, आणि त्यांचा जीव तुटला की त्यांना राग येतो. त्यांनी सूप खाली आदळलं. "पंचवीस वर्सं हेच पाहून राह्यली मी! कोर्टाले नसन विचाराचं तं मी विचारतो. सांगा. काहून मारलं त्या मानसाले?"

त्यांना वाटलं, म्हातारा म्हणेल चूक झाली, दिसला नाही, आणि रडून मोकळा होईल. देवमननं तोंड उघडलं. ठरलेलं उत्तर ओठांवर आलं आणि तिथंच अडलं.

"भागिरथा, तो बसताना मले दिसला होता."

"अगं माय..."

"बोट थांबवाले टाइम होता."

"मंग?"

"हुकूम झाला होता ना."

भागिरथाबाईंनी उठून आधी दार लोटलं, बाहेर कुणी ऐकेल म्हणून. मग पदर तोंडात कोंबून त्या रडल्या, त्या कधी न पाहिलेल्या दुधाच्या पिशवीवाल्यासाठी. देवमनकडे त्यांनी बघितलं नाही.