बाळा परबची पेटी आणि मोबाईलमधली सुई

"काका, रागावू नका, पण तुमची पेटी बेसूर आहे."

चारकोपच्या गॅलरीत उभ्या उभ्या बाळा परबने देवदत्तचा हा व्हॉइस मेसेज तिसऱ्यांदा ऐकला आणि कपाळाला हात लावला.

त्रेसष्ट वर्षांचा बाळा. बाप परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. गिरणी बसली, तसं बिऱ्हाड उचलून चारकोपला आलं. बाळाने तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत पुठ्ठ्याची खोकी चिकटवत पस्तीस वर्षं काढली. पण दर शनिवारी भजन. पेटी बापाच्या मंडळातली, भाता दोनदा बदललेली. गावागावचे बुवा तिच्यावर गाऊन गेले, एकानेही तिला नाव ठेवलं नव्हतं. आणि हा अंधेरीचा बँकवाला देवदत्त, ज्याला बाळाने अजून डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, तो तिला बेसूर म्हणतो!

झालं होतं असं. गावच्या जत्रेत पालखीपुढे लावायला एक नवा गजर करायचा ठरला. चाल बाळाची. करणारे चौघं चार ठिकाणी, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. आधी बाळाने पेटी वाजवून, मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवली. गावच्या राजेशने ती ऐकत पखवाज लावला, वाजवून पाठवला. घाटकोपरच्या रुचिराने ते दोन्ही कानात घालून गायलं. शेवटी देवदत्तने कीबोर्ड वाजवायचा नि सगळं एकत्र जोडायचं. तिथे माशी शिंकली.

देवदत्तने बाळाच्या मोबाईलमध्ये सूर तपासायचं एक ॲप घालायला लावलं. सूर बरोबर असला की सुई मधे येऊन हिरवी होते म्हणे. पेटी वाजवली की सुई डावीकडे पडून लालेलाल. एक सूर नाही, सगळेच.

"काका, आतल्या पितळी पट्ट्या घासून घ्या, सूर चढेल. नाहीतर मी कीबोर्डवर पेटीचा आवाज टाकतो. कोणाला कळणार पण नाही."

"माका कळतला ना!" बाळा फोनवर ओरडला. मग उगाच शुद्ध बोलला, "मला कळेल."

आतून प्रेमा, त्याची बायको, म्हणाली, "ओ, माझ्या कानाक काय बेसूर लागना नाय. तेका सांगा, तुझो कीबोर्ड खाडीत टाक म्हणान."

"तुका काय कळता त्यातला?"

"तुमका कळता, म्हणान वीस दिवस त्या सुयेकडे बघतास?"

वीस दिवस खरंच झाले होते. बाळाने पेटी पुसली, भाता झटकला, पंखा बंद करून वाजवली, एकदा तर मोबाईलचं कव्हर काढून वाजवली. सुई लाल ती लालच. जत्रा आठ दिवसांवर आली. चाल आपली आणि पेटी दुसऱ्याची, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना. शेवटी पेटी रिक्षात घातली आणि कांदिवलीच्याच शरच्चंद्र कारागिराकडे गेला.

शरच्चंद्रने पेटी उघडली, दोन सूर वाजवले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "परबांनू, चांगली लागलेली आहे की. सगळेच सूर सारखे उतरलेत. घासायची कशाला?"

"घास. सुई हिरवी झाली पाहिजे."

"तुम्ही मालक." त्याने कानस उचलली.

बाळाला ते बघवेना. त्याने उघड्या पेटीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. दुसऱ्या मिनिटाला रुचिराचा फोन.

"काका, पेटी का उघडलीये?"

"बेसूर आहे ना ती."

"कोण म्हणालं? मी तिच्याच सुरात गायलेय! थांबा, त्याला पण घेते फोनवर." देवदत्त आला तशी ती सुटली, "देवा, खरं सांग. त्या मिक्सिंगमध्ये माझा आवाज एवढा चिरका का येतोय?"

"अगं, कीबोर्डशी जुळायला थोडा वर ओढलाय. सॉफ्टवेअरमध्ये होतं ते. पखवाज पण ओढला. पेटी ओढली की भोंग्यासारखी वाजते, म्हणून..."

"म्हणजे आम्ही तिघं एका सुरात होतो, आणि बाहेर तू एकटा?"



"तुझा कीबोर्ड खाली नाही येत?" बाळाने विचारलं.

"येतो काका. सेटिंग असते. दोन बटणं दाबायची."

"दोन बटणं." बाळाचा आवाज एकदम बारीक झाला. "अरे मेल्या, दोन बटणांसाठी माझ्या बापाच्या पेटीक कानस लावूक लावलंस? शरच्चंद्र, थांब! थांब रे बाबा!"

"एक पट्टी झाली," शरच्चंद्र म्हणाला.

"मग तेवढी परत उतरव."

"कशाला लावू? सुईला?"

"सुई गेली खड्ड्यात. तिच्याच वरच्या सप्तकातल्या सुराला लाव."

शरच्चंद्र पुटपुटत कामाला लागला. चहा दोनदा झाला. पेटी बंद होते न होते तोच ग्रुपवर गाणं आलं, खाली देवदत्तचे हात जोडल्याचे चार इमोजी. बाळाने फोन कानाला लावला. रुचिराच्या आवाजाखाली पेटी स्वच्छ, भरदार वाजत होती, बोटं त्याचीच. पण तिच्या आधी, तिच्यावर, मधेमधे काहीतरी चिवचिवत होतं.

त्याने देवदत्तला फोन लावला.

"झकास ना काका?"

"पेटी झकास. तिच्यावर पक्षी कोणी बसवले?"

"सकाळचा फील यावा म्हणून..."

"उडव ते. आत्ता. मी फोन धरून बसलोय."