आप्पांच्या डिफरन्शिअलमधल्या चकत्या

माझे वडील, आमचे आप्पा, मूळचे कंग्राळीचे. शेती भावांवर सोडून ते बेळगावात एका मशीन शॉपमध्ये लागले आणि लेथवर उभं राहूनच निवृत्त झाले. त्यांचा जीव मात्र एका जुन्या लाल गाडीत. मागच्या चाकांवर चालणारी, वजनाला हलकी, आवाजाला मोठी. उचगावकडच्या पडीक रानात हौशी लोक चिखलात गाड्या पळवायचे, तिथं आप्पा तीच गाडी घेऊन उतरायचे. दोनदा पहिले आले होते.

त्या जिंकण्याचं कारण गाडीच्या मागच्या आसात होतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून तिथं डिफरन्शिअल असतो. तो दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतो. पण साध्या डिफरन्शिअलची एक खोड आहे. एक चाक चिखलात गेलं की ते गरगर फिरत राहतं आणि कोरड्यावरचं दुसरं चाक ढिम्म हलत नाही. आप्पांनी आत पोलादी चकत्यांची चवड बसवली होती, स्वतःच्या हातानं घासून. त्या एकमेकींना घट्ट धरतात आणि घसरणाऱ्या चाकाबरोबर दुसऱ्यालाही ओढून नेतात.

मी कॉलेजात गणित शिकवते, आठवड्यातून तीन दिवस बेळगावहून निपाणीला जाते. मी नवी गाडी घेतली तीही जरा पळणारीच. तिच्यात चकत्या नाहीत. चाक घसरतंय हे संगणकाला कळतं, तो त्या चाकाचा ब्रेक स्वतःच दाबतो, इंजिनचा जोर कमी करतो, आणि समोर एक पिवळा दिवा लुकलुकतो. आप्पांनी हे ऐकलं आणि हसले.

"पुढं जायाचं म्हणून ब्रेक दाबतंय व्हय? लई शाणं हाय तुझं यंत्र!"

पुढच्याच आठवड्यात कंग्राळीच्या शेतवाटेवर माझी गाडी चिखलात अडकली. चाक घसरलं की संगणक इंजिनचा जोर काढून घेई आणि गाडी जागच्या जागी गुदमरे. शेवटी आप्पांनीच ती यंत्रणा बंद करायचं बटण दाबायला लावलं आणि गाडी निघाली. ते महिनाभर ही गोष्ट येईल त्याला सांगत होते.

श्रावणात माझी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, म्हणून मी लाल गाडी घेऊन निपाणीला गेले. दुपारी परीक्षेच्या कामासाठी चिकोडीला जायचं होतं. भुरभूर चालू होती. चिकोडी रस्त्यावर एका वळणाला ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला काळा चिखल डांबरावर आणून टाकला होता. वेग फार नव्हता. वळण संपत आलं म्हणून मी ॲक्सिलरेटर जरा दाबला, आणि गाडीची मागची बाजू एकदम बाहेर गेली. स्टिअरिंग उलटं फिरवेपर्यंत मी अर्धी गिरकी घेऊन रस्त्याकडेच्या गवतात उभी होते. तोंड निपाणीकडं. मागचा बंपर दगडाला लागला होता.

दुधाचे कॅन लावलेला एक मोटारसायकलवाला थांबला. "एनायितु अक्का?" त्यानं कन्नडमधून विचारलं. काही झालं नाही, असं मी त्याला कन्नडमध्येच सांगितलं. पण क्लचवरचा पाय काढायला मला बराच वेळ लागला.

घरी मी खोटं बोलले. कॉलेजच्या आवारात गाडी मागं घेताना दगड लागला म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गाडीजवळ उकिडवे बसलेले दिसले. टायर आणि रिम यांच्या फटीत अडकलेलं गवत त्यांनी उपटून हातात धरलं होतं.

"कॉलेजात गवत हाय व्हय एवढं?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता गाडीला हात लावू नकोस म्हणतील. त्यांनी एकच विचारलं, "ॲक्सिलरेटर किती दाबलावतीस?"

"जराच, आप्पा."

"जराच?"

"खरंच जराच."

त्यांचा विश्वास बसला. तेच त्यांना जास्त लागलं असावं. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझी नवी गाडी परत आली तेव्हा म्हणाले, "मला त्या वळणावर न्हे."

त्याआधी ते माझ्या गाडीत एकदाही हौसेनं बसले नव्हते. पाऊस होताच. वळणावरचा चिखलही तसाच होता. मी त्या दिवशी आले तशीच आले, तेवढाच ॲक्सिलरेटर दाबला. पिवळा दिवा लुकलुकला, इंजिनचा आवाज क्षणभर दबला, आणि गाडी वळणातून सरळ बाहेर आली. आप्पांनी मला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. खाली उतरून ते पावसात उभे राहिले.

"साधा डिफरन्शिअल असता तर आतलं एकच चाक फिरलं असतं," ते म्हणाले. "बाहेरच्यानं गाडी धरून ठिवली असती. माझ्या चकत्यांनी दोन्ही चाकांची पकड एकदम सोडवली. मातीसाठी घट्ट केलवतं मी ते. तसंच डांबरावर आणलं. चूक तुझी न्हाय, बाळ. माझी हाय."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून हे ऐकत होते. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली.

रविवारी आम्ही डिफरन्शिअल उतरवला. दोन वर्षांपासून आप्पांचे हात कापतात, म्हणून पाने माझ्या हातात आणि ते शेजारी स्टुलावर. चकत्या कशा रचायच्या ते त्यांनी सांगितलं: सारख्या, म्हणजे एकत्रच फिरणाऱ्या, दोन शेजारी ठेवल्या की तिथं घर्षण होत नाही, पकड कमी होते. स्प्रिंगखालचे जाड वॉशर काढून पातळ घातले, म्हणजे दाब कमी होतो. मग सगळं परत बसवून, एक चाक जॅकवर उचलून, गिअर न्यूट्रलला टाकून, जोर मोजणाऱ्या पान्यानं मी ते चाक फिरवलं. आधी दोन्ही हातांनी जोर लावला तरी हलत नसे. आता पाना बेतानं दाबला तरी फिरलं.

"आता चिखलात हरणार ही," मी म्हटलं.

"हरूं दे की गं."

दिवाळीनंतर उचगावला पुन्हा गाड्या जमल्या. लाल गाडी मी चालवली. ओलं करून ठेवलेल्या चढावर ती दोनदा घसरली, पण वर आली. आम्ही चौथे आलो. आप्पा कडेला उभे होते, एका पोरसवदा ड्रायव्हरला हातवारे करून काहीतरी समजावत. मी जवळ गेले तेव्हा कळलं, ते त्याला विचारत होते, "तुज्या गाडीत त्यो पिवळा दिवा हाय का? मग रस्त्यावर त्यो कदी बंद करू नको. हितं मातीत मातर कर."