घरची तलवार

सोनकांबळे सर गेल्याचं मला त्यांच्याच फोनवरून कळलं. पाच महिने आमचं बोलणं बंद होतं. बंद त्यांनी केलं होतं आणि पुन्हा सुरू करायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी एका मंगळवारी मी एक युक्ती केली. सरळ पात्याच्या एका तलवारीचा फोटो त्यांना पाठवला आणि खाली मुद्दाम चुकीचं लिहिलं, 'सर, चांगली धोप मिळाली.' ती धोप नव्हतीच, फिरंग होती. पातं विलायती, त्यावर लांबच लांब तीन खाचा, ओळखायला अगदी सोपी. चुकीचं नाव ऐकून गप्प बसणं सरांना कधी जमलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत कुणी नवरदेवाच्या कट्यारीला खंजीर म्हटलं, तरी ते हातातला घास खाली ठेवून दुरुस्त करत. मला वाटलं, रागानं का होईना, एक ओळ येईल. गुरुवारी दुपारी दुकानात एका बाईंना पितळी परात दाखवत असताना फोन वाजला. सरांचं नाव दिसलं. मी परात तशीच काउंटरवर टाकली... 'काका, मी सुजाता. बाबा काल पहाटे गेले. झोपेतच. तुमचा फोटो त्यांनी बघितला नाही.'

सुजाता त्यांची मुलगी. सर नांदेडच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवत आणि निवृत्त होऊन त्यांना सात-आठ वर्षं झाली होती. माझं लातूरला भांड्यांचं दुकान आहे. आमच्यात वयाचं पंधरा वर्षांचं अंतर, गाव वेगळं, जात वेगळी, आणि तलवारी सोडल्या तर एकमेकांना सांगावं असं काही नव्हतं. पण तलवारी होत्या, आणि त्या पुरेशा होत्या.

पहिली भेट मला अजून जशीच्या तशी आठवते. नांदेडला शिकलगारांच्या, म्हणजे हत्यारांना धार-पाणी करणाऱ्यांच्या, एका दुकानात मी आमच्या घरातली तलवार घेऊन गेलो होतो. माझे आजोबा तिला निजामाच्या काळातली म्हणत आणि दसऱ्याला तिची पूजा होई. कोपऱ्यातल्या स्टुलावर जाड भिंगांचा चष्मा घातलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी हात पुढे केला. तलवार तराजूसारखी एका बोटावर तोलली, पात्याला नखानं टिचकी मारून कान लावला, मग मुठीचा वास घेतला.

"घासली का हो ही?"

"हो. आणायच्या आधी पॉलिश पेपरनं... चमकावी म्हणून."

"नशीब तुमचं. घासून जावं असं काही न्हवतंच हिच्यात. शेट, ही वरातीची तलवार हाय. ट्रकच्या पाट्याची. निजाम तर निजाम, हिनं रझाकार बी पाह्यले न्हाईत."

दुकानातले सगळे हसले. मी तावातावानं म्हणालो, "माझे आजोबा खोटं बोलत होते का?"

"न्हाई न्हाई. आजोबानं ऐकलं ते सांगितलं. तुम्ही पुजा की तिला. पुजायला कुणाची ना हाय? फक्त वय वाढवू नका तिचं."

महिनाभर मी त्यांच्यावर चिडून होतो. मग एका रविवारी नांदेडची बस धरली, आणि पुढची अकरा वर्षं जमेल तसा रविवारी त्यांच्याकडे जात राहिलो. त्यांच्या घरामागच्या पडवीत एक छोटी भट्टी होती. ढिल्या झालेल्या मुठी ते तिथं बसवत. मूठ तापवून आतली जुनी राळ काढायची, नवी राळ आणि विटकरीची पूड मिसळून भरायची, मग पात्याचं शेपूट आत दाबून धरायचं आणि गार होईपर्यंत हलायचं नाही. ते दाबून धरायचं काम माझ्याकडे असे. "शेट, हलू नका. तुम्ही लई चुळबुळ करून राहिले," म्हणत ते समोर चहा पीत बसत. माझा कप शेजारीच निवत असे. पोलादाच्या अंगात पाण्याच्या लाटांसारखी जी नक्षी असते, जिला जाणकार जौहर म्हणतात, ती पहिल्यांदा मला त्यांनीच दाखवली. एका काळवंडलेल्या पात्यावर लिंबाचा बोळा फिरवला आणि म्हणाले, "आता श्वास घेऊ नका, बघा." हळूहळू लाटा वर आल्या. मी खरंच श्वास धरून बसलो होतो. तो धरायची काही गरज नव्हती, हे त्यांनी नंतर हसत हसत सांगितलं.

स्वतः त्यांनी तीनच तलवारी घडवल्या. तिन्हींच्या शेपटावर, मुठीच्या आत जाऊन झाकल्या जाणाऱ्या जागी, त्यांनी आपलं नाव आणि साल कोरलं होतं. "मी मेल्यावर कुणी शिवकालीन म्हणून खपवली तर? मूठ काढल्यावर तरी खरं कळंल," असं त्यांचं म्हणणं.

पाहिलेल्या प्रत्येक तलवारीची ते वहीत नोंद करत. लांबी, वजन, पातं, मूठ, हे सगळं नंतर. पहिल्या ओळीत तीनपैकी एकच शब्द असे: घरची, घेतलेली किंवा सापडलेली. मला हे उलटं वाटे. मी एकदा तसं म्हणालो, तर ते म्हणाले, "पोलाद किती जुनं ते पात्याला विचारता येतं. ती कुणाची, हे माणसालाच विचारावं लागतं. अन् माणूस सांगंल ते तसंच लिवावं लागतं."

त्यांच्या स्वतःकडे एक तलवार होती. साधी, मुठीवर ना सोनं ना चांदी, पण पात्यात असा जौहर की नजर हटू नये. ती त्यांच्या पणजोबांची. पणजोबा कुठल्याशा पलटणीत होते. घरात कागद एकही नव्हता, फक्त सांगणं होतं आणि ही तलवार. हदगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी आजीनं ती ज्वारीच्या कणगीत उभी लपवून ठेवली होती. एका दुपारी, वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, बाजाराला गेल्या असताना, सरांनी मला ती का लपवावी लागली हे सांगितलं. त्यांचे वडील तरुणपणी ती धार लावायला लोहाराकडे घेऊन गेले. लोहारानं विचारलं, "कुठं सापडली रे?" पाटलानं विचारलं, "कुठं सापडली?" जो भेटे तो हेच विचारी. एकानंही असं विचारलं नाही की ही तुमची का. वडील घरी आले, तलवार परत कणगीत घातली आणि मरेपर्यंत बाहेर काढली नाही.

"महाराच्या घरात तलवार म्हणल्यावर ती सापडलेलीच असणार की," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, वर्गात शिकवावं तसं ते बोलत होते. "म्हणून मी हे शिकलो, शेट. पुस्तकं वाचली, शिकलगारांच्या पायाशी बसलो. म्हणलं, एक दिवस असं व्हावं की आपण लोकांच्या तलवारी सांगाव्या, अन् लोकांनी आपली ऐकावी."

हे त्यांनी माझ्याशिवाय कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून पुढचं लिहिणं अवघड जातं.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या हौशी संग्राहकांच्या मंडळानं लातूरला प्रदर्शन भरवलं. मी सरांच्या मागे लागलो, ती तलवार आणा म्हणून. ते बरेच दिवस नाही म्हणाले आणि मग एकदम हो म्हणाले. तलवारींसमोर ठेवायची कार्डं माझ्याकडे होती, कारण माझं अक्षर चांगलं आहे. सरांच्या वहीच्या पद्धतीनं मी प्रत्येकावर पहिला शब्द लिहिला. त्यांच्या कार्डावर लिहिलं: घरची. आदल्या दिवशी मंडळातले एक ज्येष्ठ गृहस्थ कार्डं चाळत होते. त्या कार्डापाशी थांबले.

"घरची? ह्यांच्या?"

"हो. पणजोबांची आहे."

"असंल, असंल. मी न्हाई म्हणत न्हाई. पण लोक विचारतील, पुरावा मागतील. कशाला उगी वाद? सापडलेली करून टाका अप्पा, ते बी काही खोटं न्हाई, कुठंतरी सापडलीच असंल की."

त्या टेबलावर चाळीसेक तलवारी होत्या. त्यांतल्या निम्म्या 'घरची' होत्या. पुरावा कुणाकडेच नव्हता. माझी वरातीची तलवारसुद्धा 'घरची' म्हणून तिथंच ठेवली होती. हे मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्या गृहस्थांशी माझे दुकानाचे संबंध होते, सोयरीक होती, आणि आणखी काय काय होतं ते आता सांगून उपयोग नाही. मी नवं कार्ड घेतलं आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: सापडलेली. एकच तर शब्द आहे, असं मी स्वतःला सांगितलं. सर तलवारी बघतील, कार्ड कोण वाचतं... अकरा वर्षं ज्यांना ओळखत होतो, त्यांच्याबद्दल मी हा विचार केला.

सकाळी ते वहिनींना आणि सुजाताला घेऊन आले. नवा पांढरा सदरा होता. वहिनी ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. सरांनी तलवार स्वतःच्या हातानं टेबलावरच्या कापडावर ठेवली, मूठ किंचित वळवली आणि कार्ड वाचलं. चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"अक्षर तुमचंच हाय, शेट."

एवढंच. मी काहीतरी पुटपुटलो, मंडळाचं मत वगैरे. ते ऐकून न घेता पुढच्या टेबलाकडे गेले. दिवसभर उभे राहून त्यांनी इतरांच्या तलवारी लोकांना समजावून सांगितल्या. कुठं चूक काढली नाही, कुणाचं वय कमी केलं नाही. त्यांच्या तलवारीपाशी एका बाईंनी कौतुकानं विचारलं, "लई सुरेख हाय. कुठं सापडली ओ ही?" ते शांतपणे म्हणाले, "ते त्या शेटला विचारा. त्यांनी लिवलंय." संध्याकाळी तलवार गुंडाळली आणि तिघं निघून गेले. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. एकदा मी नांदेडला त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. पडवीतून धूर निघत होता, म्हणजे भट्टी पेटलेली होती. मूठ कोण धरत असेल, असं मनात आलं. आणि मी परत फिरलो.

त्यांच्या जलदान विधीला गेलो तेव्हा मी सगळं बोलायचं ठरवून गेलो होतो. वंदना झाली, माणसं जेवून पांगली. मी सुजाताला बाजूला घेतलं आणि सुरुवात केली, पण तिनं मला पुरं करू दिलं नाही.

"काका, मी तिथंच होते. मला कशाला सांगून राहिले?"

"सर काय म्हणाले होते?"

"बसमध्ये आई लई बोलली तुम्हाला. बाबा म्हणले, त्याला भ्या वाटलं असंल. मग लातूर गेलं तरी खिडकीतून बाहेरच बघत होते."

शिवी दिली असती तर मी ती घेऊन घरी आलो असतो. मी म्हणालो, "मी नवं कार्ड लिहून देतो. तलवारीपाशी ठेव." आतून वहिनींचा आवाज आला, "कार्ड कशाला वो, अप्पा? घरात कोण विचारतंय ती कुणाची हाय म्हणून? जिथं लिवलं तिथं लिवा."

गेल्या रविवारी उदगीरला आमच्या मंडळाचं प्रदर्शन झालं. त्याआधी मंडळाच्या सभेत मी सगळं सांगितलं आणि एक टेबल मागून घेतलं. ते ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "आता माणूसच न्हाई, आता कशाला?" कुणीतरी चहा मागवला. मी वहिनींकडे तलवार मागितली नव्हती. ती मागायचा हक्क मला राहिला नाही. टेबलावर नुसतं पांढरं कापड अंथरलं आणि समोर कार्ड ठेवलं: 'घरची. किशन सोनकांबळे यांच्या पणजोबांची. पातं जौहरदार, मूठ साधी.' खाली, मागच्या वेळी मी काय लिहिलं होतं आणि ते खोटं होतं, हेही माझ्या नावासकट लिहिलं.

दिवसभर मी त्या टेबलापाशी उभा होतो. शेजारी सर असते तर कोपर मारून म्हणाले असते, शेट, चुळबुळ करू नका. लोक येत, कार्ड वाचत, रिकाम्या कापडाकडे बघत आणि मला विचारत, "तलवार कुठाय?"

"घरी हाय," मी सांगत होतो. "तिच्या घरी."