आत्याच्या टीव्हीच्या अठरा ओळी

ऑफिसात त्याला सगळे लवाद म्हणत. कामच तसं होतं. टीव्ही आणि त्याला जोडलेला बॉक्स एकाच केबलमधून एकमेकांशी बोलतात. मी उठलो, तूही ऊठ, मी झोपलो, तूही झोप. नियम सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेले, आणि पाळायचे मात्र दुसऱ्यांनी. कुठला टीव्ही उत्तरच देत नाही, कुठला न विचारता देतो. अशा एकेका मॉडेलची खोड सांभाळून घेणारं सॉफ्टवेअर लवाद एकोणीस वर्षं लिहीत होता. घरी त्याचं कोणी ऐकत नसे, टीव्ही ऐकत.

एका जुन्या मॉडेलसाठी त्यात अठरा ओळी होत्या. 'बंद हो' म्हटलं की तो टीव्ही निमूट बंद व्हायचा, पण तसं कळवायचा नाही. मग बॉक्स पुन्हा सांगायचा, आणि टीव्हीला वाटायचं, आपल्याला उठवताहेत. एकदा सांगितलंस ना, आता गप्प बस, एवढंच त्या अठरा ओळी बॉक्सला बजावत.

वापरात एकही टीव्ही उरला नाही की त्याच्या ओळी काढायच्या, असा नियम होता. कुठल्या मॉडेलचे किती टीव्ही आदल्या दिवशी चालले, तो आकडा रोज सकाळी यायचा. या मॉडेलचा आकडा दोन वर्षं एकावर अडला होता. नाव-पत्ता कळत नसे, पण लवादला घर ठाऊक होतं. त्याची आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस दवाखान्यात होती, फक्त त्या चार दिवसांचा आकडा शून्य होता.

आई गेल्यावर त्याला आत्यानेच वाढवलं. आता ती ऐंशीच्या पुढे, एकटी राहायची. त्याने दोनदा नवा टीव्ही नेला, दोनदा तिने तो परत पाठवला. ओळी निघाल्या तर तिचा टीव्ही बंद करताच पुन्हा चालू होणार, आणि ती कपाटामागचा प्लग काढायला वाकणार. ती तिथे पडेल याची त्याला भीती होती.

नव्या प्रमुख बाईंनी नीटच विचारलं. सॉफ्टवेअर बदललं की एका टीव्हीपायी दर वेळी अर्धा दिवस चाचणीत जातो. मंगळवारपर्यंत ठोस कारण द्या, नाहीतर ओळी काढा. लवादने आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांसमोर आवाज चढवला, तोही इतका बेताने की शेजारच्या टेबलाला कळलं नाही.

आत्याला पुन्हा एकदा विनवून पाहावं म्हणून रविवारी तो तिच्याकडे गेला. टीव्ही चालू होता, आवाज बंद. आत्या टीव्हीकडे पाठ करून रेडिओ ऐकत होती. टीव्हीवर काय लागलंय, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, बातम्या. पडद्यावर 'पुढे जाण्यासाठी ओके दाबा' एवढंच होतं.

मग हळूहळू तिने कबूल केलं. आठ महिने झाले, दोन्ही डोळ्यांना फक्त उजेड कळत होता.

"मग टीव्ही कशाला लावतेस?"

"तुझ्या नोकरीसाठी. तूच म्हणाला होतास, तुझा टीव्ही चालतोय तोवर माझी नोकरी चालतेय."

म्हणाला असेलही. नवा टीव्ही परत नेताना, तिला वाईट वाटू नये म्हणून, गमतीत. पण आत्याने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. दिलेलं विधान ती खरंच धरून चालायची.

"रोज तासभर लावते. तेवढा पुरतो ना?" तिने विचारलं.

गंमत होती म्हणून सांगावं, तर तिचे आठ महिने पाण्यात जाणार.

"पुरला," तो म्हणाला. "आत्या, मला बढती मिळाली. आता नाही लावलास तरी चालेल."

आत्याने चाचपडत रिमोट शोधला आणि टीव्ही बंद केला. "आधी सांगायचंस की रे," ती म्हणाली. "आणि आता तुझं तू सांभाळ. बढतीला मी पुरी पडायची नाही."

मंगळवारी सकाळी सोमवारचा आकडा आला, शून्य. बाई यायच्या आत लवादने अठराही ओळी स्वतःच्या हाताने काढल्या, डोळे पुसले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वापरणारी व्यक्ती सेवानिवृत्त झाली.' बाईंना त्याचा अर्थ काही लागला नाही, पण कारण ठोस होतं, त्यांनी मंजूर केलं.